धाकट्या कार्डाचा आकडा

कुरियरवाल्याने दोन्ही खोकी टेबलावर ठेवली तेव्हा अभिनंदन आधी उठून हात धुऊन आला. कॉम्प्युटरच्या कार्डाला हात लावायच्या आधी तो नेहमी हात धुवायचा, रुमालाने कोरडे करायचा आणि मशीनच्या पत्र्याला बोटं टेकवायचा. अंगातली वीज उतरवायची असते म्हणायचा. मग त्याने एक खोकं माझ्याकडे सरकवलं आणि मला ते उघडायला सांगितलं.

२०१४ सालचा एप्रिल. कोल्हापुरात राजारामपुरीत चष्म्याच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. न बांधलेल्या इमारतींची चित्रं आम्ही बनवायचो. बिल्डरचा नकाशा यायचा, आम्ही कॉम्प्युटरवर ती इमारत उभी करायचो, तिच्यावर ऊन पाडायचो, गॅलरीत तुळस ठेवायचो. कागदावरच्या घराचा फोटो निघाल्यासारखा वाटायचा. एकेक चित्र तयार व्हायला मशीनला चार-चार, पाच-पाच तास लागायचे. तेवढा वेळ आम्ही दुसऱ्या मशीनवर पुढचं काम करायचो.

ऑफिसचे मालक सुरेंद्र बोंद्रे. आम्ही एकूण सात माणसं, आणि त्यांतला चित्रांचा विभाग म्हणजे अभिनंदन मगदूम आणि मी. तो जयसिंगपूरचा, रोज मोटरसायकलने यायचा. मी चौतीस वर्षांची, तो तीस. चार वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसत होतो.

हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने बोंद्रेसरांना काम देऊ केलं होतं. एका अख्ख्या नव्या वसाहतीची चित्रं. अट एवढीच, की चित्रं तिथेच, गिऱ्हाइकासमोर बनवायची. त्याने भिंतीचा रंग बदला म्हटलं की चहा संपायच्या आत नवीन चित्र दिसलं पाहिजे. म्हणजे दहा मिनिटांच्या आत. आमच्या मशीनवर ते शक्यच नव्हतं. पण चित्राचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डावर टाकणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं, आणि ओळखीच्या एका विक्रेत्याने दोन कार्डं आठवडाभर वापरून बघायला पाठवली होती.

बोंद्रेसरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की दोन्ही कार्डं नीट तपासा, शनिवारी मला लेखी रिपोर्ट द्या. कुठलंही एक कार्ड दहा मिनिटांच्या आत आलं, तर मगदूम सहा मशीनं घेऊन हैदराबादला जाईल आणि तिथला विभाग सांभाळेल. नाही आलं, तर मी त्यांना नाही कळवतो. रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे दिलं होतं, कारण माझं लिहिणं स्वच्छ असतं, असं सरांचं मत होतं.

खोलीतून बाहेर आल्यावर मी अभिनंदनला विचारलं होतं, तुला जायचंय का. तो म्हणाला, आधी कार्ड काय म्हणतंय ते बघूया की.

मी उघडलेल्या खोक्यात लांबलचक, काळं, गंभीर दिसणारं कार्ड होतं. त्याला एकच पंखा. ते खास असल्या कामासाठी बनवलेलं. मेमरी चार जीबी. त्याच्या खोक्यातलं कार्ड आखूड, दोन पंख्यांचं, वर लाल पट्टे. ते गेम खेळणाऱ्यांसाठी. मेमरी निम्मी, दोनच जीबी, पण आत गणितं करणारे कोअर दुपटीच्या जवळपास आणि वेगही जास्त. दोघांची नावं आकड्यांनी आणि अक्षरांनी भरलेली होती, ती काही तोंडात बसेनात. अभिनंदनने त्या काळ्याला थोरलं म्हटलं, दुसरं आपोआप धाकटं झालं.

सोमवारी आम्ही थोरलं बसवलं. तीन चित्रं ठरवली होती. पहिलं रिकाम्या खोलीचं, दुसरं बारा मजली इमारतीचं आणि तिसरं अख्ख्या वसाहतीचं, चार हजार झाडांसकट. त्या तिसऱ्यावरच सगळं ठरणार होतं. थोरल्याने खोली दोन मिनिटांत केली, इमारत सहा मिनिटांत. वसाहतीला चौदा मिनिटं लागली. आवाज नाही, धग नाही, तापमान पासष्टच्या वर गेलं नाही. अभिनंदन म्हणाला, शहाणं कार्ड आहे, पण सावकाश आहे. मी टेबल केलं. मेमरी, कोअर, वीज किती खातं, तापतं किती, तिन्ही चित्रांचा वेळ. थोरल्याचा रकाना भरला. चौदा मिनिटं लिहिताना मला हलकं वाटलं, हे खोटं सांगत नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मी लग्न करून इचलकरंजीला गेले होते आणि तीन वर्षांनी परत आईकडे आले होते. त्यावर घरात कुणी बोलत नसे. अभिनंदनच्या घरी त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं. त्याची आई फोनवर विचारायची आणि तो ‘बघू की’ म्हणायचा. ते जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून तो संध्याकाळी पावणेसहाला डबा उघडायचा आणि मी माझ्या उरलेल्या डब्यातलं काहीतरी पुढे करायची. त्याला कांदा, लसूण, बटाटा चालत नसे. दोन वर्षांपूर्वी कधीतरी मी माझ्या डब्यातल्या भाज्या बिनकांद्याच्या करायला लागले होते. आईने एकदा विचारलं, तेव्हा पित्त होतं असं सांगितलं. याच्यापलीकडे आमच्यात काही नव्हतं. कधी कुणी काही बोललं नव्हतं.

मंगळवारी अभिनंदनला सरांबरोबर कागलला एका साइटवर जावं लागलं. जाताना तो म्हणाला, धाकट्याची चाचणी तू करून ठेव.

मशीनमध्ये कार्ड बसवायला दोन स्लॉट होते, एक वर, एक खाली. वरच्यात थोरलं होतं. ते काढायचं म्हणजे चार स्क्रू, विजेच्या वायरी, सगळं आलं. मी थोरल्याची नुसती वीज काढली आणि धाकटं खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. त्या क्षणी माझ्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं.

खोली धाकट्याने पन्नास सेकंदांत केली. इमारत अडीच मिनिटांत. पंखे मिक्सरसारखे ओरडत होते आणि तापमान ब्याऐंशीवर गेलं होतं, पण ते थोरल्याला कुठल्या कुठे टाकून पुढे गेलं होतं. मी वसाहतीचं चित्र सुरू केलं आणि घड्याळ बघत बसले. पाच मिनिटं झाली. सात झाली. दहा होऊन गेली. चित्र निम्मंही नव्हतं. अठरा मिनिटांनी ते पुरं झालं.

असं का झालं ते मला लगेच कळलं. चार वर्षं हेच काम करत होते. वसाहत दोन जीबीत मावत नव्हती. मावलं नाही तेवढं कार्ड मशीनच्या मेमरीतून मागवत होतं, आणि ते सगळं स्लॉटमधून येतं. वरचा स्लॉट म्हणजे सोळा पदरी रस्ता. खालचा दिसायला तसाच, पण आत चारच पदर. धाकटं वाट बघत बसलं होतं, एवढंच. कार्ड वर लावून पुन्हा मोजायचं, अर्ध्या तासाचं काम होतं.

मी बराच वेळ बसून राहिले. मग रकान्यात अठरा लिहिलं, धाकटं काढून खोक्यात ठेवलं आणि थोरल्याच्या वायरी परत लावल्या.

अभिनंदन साडेपाचला आला. त्याने टेबल वाचलं. पहिले दोन आकडे वाचून तो खूश झाला, तिसऱ्यापाशी थांबला.

"कुठल्या स्लॉटला लावलं होतंस?"

"वरच्या," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "बरं," म्हणाला आणि माझ्या मशीनवर बसून सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदी उघडून बघू लागला. हे तो दर चाचणीनंतर करायचा. मी पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा त्याने ते बंद केलं होतं आणि डबा उघडला होता. त्या दिवशी त्याच्या डब्यात मुगाचं बिरडं होतं. त्याने अर्धं मला दिलं. कागलच्या साइटबद्दल बोलला. आकड्याबद्दल एक शब्दही काढला नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. आम्ही उरलेल्या बारीकसारीक चाचण्या केल्या. कुठलं कार्ड किती वीज खातं, रंगांमध्ये फरक पडतो का, सलग चार चित्रं दिली तर कुठलं आधी दमतं. त्या दोन दिवसांत अभिनंदन जरा वेगळा वागत होता. एरवी तो काम करताना बोलायचा नाही. आता मध्येच काहीतरी विचारायचा. आईची तब्येत कशी आहे. रंकाळ्यावर हल्ली जातेस का. गुरुवारी दुपारी स्क्रीनकडे बघतच तो म्हणाला,

"हैदराबादचं नाही जमलं, तर तुला बरं वाटेल काय?"

आज मी त्या प्रश्नाकडे बघते तेव्हा तो दार सताड उघडं ठेवून उभा असलेला दिसतो. त्या वेळी मला फक्त भीती वाटली. वाटलं, त्याला संशय आलाय आणि तो मला पकडतोय. शिवाय, मी चार वर्षांनी मोठी, एक घर मोडून आलेली, जातीची नाही, धर्माची नाही. मी काय बोलणार होते.

"मला काय त्याचं," मी हसून म्हटलं. "तू गेलास तर मला दोघांचं काम पडेल, तेवढंच."

"तेवढंच," तो म्हणाला.

शुक्रवारी मला बँकेत काम होतं. दुपारी गेले ती गर्दीत अडकले. परत आले तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते. बाकीची माणसं घरी गेली होती. खिडकीतून तिरकं ऊन टेबलावर आलं होतं. मशीनचा पत्रा उघडा होता. थोरलं खोक्यात गेलं होतं आणि वरच्या स्लॉटमध्ये लाल पट्ट्यांचं धाकटं बसलेलं होतं. त्याचे पंखे हळूहळू थांबत होते. अभिनंदनचा डबा समोर होता, पण त्याने तो उघडला नव्हता.

स्क्रीनवर वसाहत होती. चार हजार झाडं. खाली कोपऱ्यात वेळ लिहिलेला होता. सहा मिनिटं, चाळीस सेकंद.

"आकडा बदलला," तो म्हणाला.

"कसा काय?" मी विचारलं.

"मंगळवारी खालच्या स्लॉटला लागलं असणार. गडबडीत होतं असं. रिपोर्ट तू लिहिणार आहेस. टेबल तुझं आहे. तू लिहिशील तो आकडा जाईल. मी त्यावर काही विचारणार नाही."

मी उभीच होते. तो माझ्याकडे बघत होता. चार वर्षांत त्याने मला असं सरळ, न हलता बघितलं नव्हतं. मला मान वर करवेना. माझी चोरी पकडली गेली होती आणि तो ती झाकायला मला जागा देत होता, एवढंच मला दिसलं. त्याने स्वतःहून पुन्हा मोजलं, म्हणजे त्याला जायचंय, हा अर्थ मी लावला. ज्याला जायचंय त्याला खोट्या आकड्याने अडकवून ठेवणारी बाई व्हायचं नव्हतं मला.

"खरा असेल तोच लिहिते," मी म्हटलं.

त्याने घड्याळ बघितलं, डबा न उघडता पिशवीत ठेवला आणि उशीर झाला म्हणाला. बाहेर ऊन अजून होतं. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली, मग मोटरसायकल.

शनिवारी मी रिपोर्ट दिला. थोरलं कार्ड शांत आणि भरवशाचं, पण आपल्या कामाला सावकाश. धाकटं तापतं, आवाज करतं, मेमरी कमी, मात्र वरच्या स्लॉटमध्ये लावल्यास वसाहतीचं चित्र सहा मिनिटं चाळीस सेकंदांत. शिफारस, धाकटं. खाली सही, हेमलता शिंत्रे.

जूनमध्ये अभिनंदन सहा मशीनं घेऊन हैदराबादला गेला. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला घड्याळ दिलं. निरोपाच्या वेळी त्याने सगळ्यांना नमस्कार केला, तसाच मलाही. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं, सांगलीची मुलगी. मी गेले होते. नंतर तिकडेच त्याचं बस्तान बसलं, मुलगी झाली. दिवाळीला आणि पर्युषणाला मेसेज यायचा. मीही उत्तर द्यायची. त्याच्या खुर्चीवर पुढे तीन माणसं बसून गेली. मी भाज्यांत कांदा पुन्हा घालायला लागले, पण त्याला दोन वर्षं गेली.

गेल्या वर्षी बोंद्रेसरांनी ऑफिस बंद केलं. गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, मुलगा बाहेर होता. जुने कागद निवडायला त्यांनी मला घरी बोलावलं. मी आता घरूनच स्वतःची कामं करते. सकाळी अकराला गेले. पडवीत खुर्च्या टाकून आम्ही फायली चाळत होतो. हे ठेव, हे रद्दीत, असं चाललं होतं. त्यात माझा तो रिपोर्ट निघाला. दोन पानी, कडा पिवळ्या पडलेल्या.

सरांनी चष्मा वर करून तो वाचला आणि हसले.

"या कार्डांचा एक गोंधळ मला कधी उलगडला नाही बघ," ते म्हणाले. "तुझा रिपोर्ट शनिवारी आला. पण मगदूम बुधवारी सकाळीच माझ्या खोलीत येऊन सांगून गेला होता. सर, धाकट्याला अठरा मिनिटं लागतात, मी स्वतः तपासलंय, हैदराबादला नाही म्हणून कळवा. मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे. आणि शनिवारी बघतो तर सहा चाळीस. त्याला बोलावून विचारलं. म्हणाला, शिंत्रे मॅडमचा आकडा बरोबर आहे, मी चुकलो. आकड्यात कधी चुकलेला माणूस नव्हे तो."

मी फाइल मिटली. पुढची फाइल घेतली, तीही उघडून बघितली, काय होतं आठवत नाही. सरांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या, तो घेतला. साडेबाराला निघाले.

रिक्षा न करता चालत घरी आले. आई जाऊन तीन वर्षं झाली, घरात मी एकटीच असते. दार लावलं आणि चप्पल न काढताच त्याला फोन लावला. नऊ वर्षांत मी त्याला कधी फोन केला नव्हता. त्याने दुसऱ्याच रिंगला उचलला आणि घाबरून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

ठीक आहे म्हटलं. सरांकडे गेले होते म्हटलं. मग विचारलं,

"बुधवारी तू सरांना अठरा सांगितलं होतंस?"

"हो," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारीच. नोंदीत लिहिलेलं असतं, कार्डाला किती पदर मिळाले ते. चार लिहिलं होतं."

"मग शुक्रवारी परत कशाला मोजलंस?"

"तीन दिवस वाट बघितली. वाटलं, तू काहीतरी बोलशील." तो एकेक शब्द जुळवून बोलत होता. "मग म्हटलं, आपणच विचारावं. मला तोंडाने विचारता येईना. म्हणून कार्ड वर लावलं. म्हटलं, खरा आकडा समोर असताना ती काय लिहिते, बघू."

"मी सहा चाळीस लिहिलं."

"हो," तो म्हणाला. "वाचलं मी."

त्याच्या मागे घरात कुणीतरी भांडी लावत होतं. एक मुलगी जवळ येऊन काहीतरी मागत होती. ती तिकडेच वाढलेली, तो तिच्याशी तेलुगूत बोलला. आवाज तोच, पण मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मग पुन्हा मराठीत येऊन म्हणाला, हिला क्लासला सोडायचंय, ठेवू का.

"थांब," मी म्हटलं. "थोडा वेळ थांब."

तो थांबला. मुलीने त्याला दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो हळूच म्हणाला, "जातो आता," आणि मी हो म्हटलं.